ठणठणीत बाबांचं गाणं

समजा, तुमच्या घरात एक नियम आहे. बाथरूममध्ये गेलेल्या बाबांनी गायलंच पाहिजे. मोठ्यानं, आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंत, मध्ये अजिबात न थांबता. सूर लागो न लागो. शब्द विसरले तर नुसतं ला ला ला करायचं, पण थांबायचं नाही.

करा बरं कल्पना. तुम्ही गृहपाठ करताय, आई भाजी चिरतेय, आणि आतून पाण्याच्या आवाजातून बाबांचा आवाज येतोय, गंजलेलं दार करकरावं तसा. शेजारचे काका वैतागून भिंतीवर थापा मारताहेत. आणि तुम्हाला मात्र त्या बेसूर गाण्यानं किती बरं वाटतंय! कारण गाणं चालू आहे म्हणजे बाबा ठीक आहेत.

हा नियम ज्या मुलीनं काढला तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. ती एका जागी स्वस्थ बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. तिच्या बाबांना आकडी यायची. फिट म्हणा, मिरगी म्हणा, एपिलेप्सी म्हणा, आजार एकच. त्यात होतं काय? आपल्या मेंदूत असंख्य निरोप सतत इकडून तिकडे जात असतात, शिस्तीत, एकामागून एक. पण बाई वर्गाबाहेर गेल्या की कसा गलका होतो, ठाऊक आहे ना? सगळे एकदम बोलतात आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. बाबांच्या मेंदूत अधूनमधून तसा गलका व्हायचा. मग ते पडायचे, हातापायांना झटके यायचे, आणि थोड्या वेळानं सगळं आपोआप शांत व्हायचं. औषधानं हे कमी झालं होतं, पण थांबलं नव्हतं. यात कुणाचा दोष नसतो. शेजारी बसल्यानं ते कुणाला लागतही नाही.

बाबा एका छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर काम करत. केवढं पातं होतं ते! कागदांचा उंच गठ्ठा एका दमात कापायचं, आणि कडा अशी गुळगुळीत की बोट फिरवत बसावंसं वाटे. एके दिवशी बाबा चहाच्या सुट्टीत पडले. मशीनपाशी नव्हे, बाहेरच्या बाकाजवळ. तरीही मालकांनी दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून घेतलं.

"माणूस म्हणून तू लाखात एक आहेस," मालक म्हणाले, "पण उद्या पात्याखाली हात असताना झालं तर? पातं काही ओळख ठेवत नाही रे." आणि बाबांचं काम गेलं.

मग बाबा दुसरीकडे विचारायला जाऊ लागले. पहिल्या ठिकाणी त्यांनी आजाराबद्दल खरं सांगितलं. "कळवतो," म्हणाले तिथले साहेब, आणि कळवलंच नाही. दुसऱ्या ठिकाणीही तेच. तेव्हापासून बाबांनी एक सवय लावून घेतली. फाइल घेऊन समोर बसलेल्या कुठल्याही माणसानं "तब्येत कशी आहे?" असं विचारलं, की छाती पुढे काढून म्हणायचं, "एकदम ठणठणीत!" या ठणठणीतनंही काम मिळालं नाही ते नाहीच, पण सवय मात्र पक्की झाली.

आई एका दवाखान्याच्या धुलाई विभागात चादरी धुवायची. तिच्या एकटीच्या पगारात घर चालेना. शेवटी तिनंच साहाय्य कार्यालयात अर्ज केला. आजारामुळे ज्यांचं काम सुटतं त्यांना तिथून दर महिन्याला मदत मिळे, आणि झेपेल असं दुसरं कामही शिकवत. अर्ज पुढे सरकला, डॉक्टरांचे कागद झाले, आणि एक दिवस निरोप आला: तपासनीस मॅडम घरी येऊन पाहणी करतील.

"येणार! येणार!" भिंगरीनं पलंगावरून उडी मारली. "आई, त्या काय बघणार?"

"बाबांना काय काय अडचणी येतात ते बघणार. त्यांना पटलं तर मदत मिळेल आणि बाबांना काम शिकता येईल. नाही पटलं तर अर्ज बंद."

"पटेल गं! आपल्याकडे तर अडचणीच अडचणी आहेत!" भिंगरी आनंदानं म्हणाली.

आणि इथेच घोटाळा झाला. कारण पाहणीच्या दिवशी सकाळी सकाळी आत्या आली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. मनानं लोणी, पण तोंड सुरू झालं की थांबायचं नाही. भावाच्या आजाराचं नाव मात्र तिनं आजवर उच्चारलं नव्हतं. ती नेहमी "ते" म्हणायची. "ते झालं होतं का रे?" असं. तिनं दारातूनच घरावर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला.

"अगंबाई! एवढी मोठी अधिकारी येणार, आणि हा अवतार? या टेबलाला काय झालंय? कान दुखत असल्यासारखं बांधून का ठेवलंय?"

टेबलाच्या चारही कोपऱ्यांना बाबांनी जाड पुठ्ठा आणि कापड लावलं होतं, पडले तर डोकं आपटू नये म्हणून. आत्यानं ते उपटून काढलं.

"गादी जमिनीवर? घ्या वर पलंगावर! चुलीपाशी ही दोरी कसली?"

"आत्या, त्या दोरीच्या पुढे बाबानं एकट्यानं जायचं नसतं," भिंगरी म्हणाली.

"आज काही दोरीबिरी नको. आणि हे काय, बाथरूमला आतून कडी नाही? पाहुणी बाई हात धुवायला गेली तर काय म्हणेल?"

"वन्सं, ती मुद्दाम काढलीय," आई म्हणाली. "हे आत असताना कधी..."

"एका दिवसानं काय होतंय? आपण गरीब असू, गबाळे नाही." आत्यानं काढून ठेवलेली कडी शोधून, स्क्रू पिळून लावलीसुद्धा.

आईला बरं वाटत नव्हतं, पण पाहुण्यांसमोर घर नीट दिसावं असं तिलाही वाटत होतंच. बाबा तर खुशीत होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला, दाढी केली (गाणं म्हणत), फरशी दोनदा पुसली. भिंगरी जिन्यापर्यंत धावत जायची, वाकून बघायची आणि परत धावत यायची. आज बाबांचं काम होणार!

"भिंगरे, इकडे ये," आत्यानं तिला स्टुलावर बसवलं. "मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड उघडायचं नाही. कबूल?"

"कबूल," भिंगरी म्हणाली. बिचारीला काय ठाऊक, कबूल करणं केवढं महागात पडणार होतं ते!

मॅडम आल्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती. गळ्यात निळा स्कार्फ, काखेत जाडजूड फाइल. टेकल्यावर त्यांनी आधी पाणी मागितलं, मग घरभर पाहिलं. टेबल चकचकीत, पलंग टापटीप, फरशीत चेहरा दिसेल अशी.

"छान आहे घर," त्या म्हणाल्या.

आत्यानं आईकडे 'बघ, मी सांगत नव्हते?' अशा नजरेनं पाहिलं.

मॅडमनी फाइल उघडली आणि बाबांना विचारलं, "तब्येत कशी आहे?"

"एकदम ठणठणीत!" बाबा म्हणाले.

भिंगरी स्टुलावर ताठ झाली.

"जिने चढायला-उतरायला काही त्रास?"

"छे! दणादण उतरतो."

(खोटं! भिंतीला धरून, एकेक पायरी, आणि तेही कुणी सोबत असेल तरच.)

"स्वयंपाक?"

"मी चहा असा करतो मॅडम, की प्याल तर परत याल."

(दोरीच्या अलीकडून कसला चहा करतोस, बाबा!) भिंगरी स्टुलावरून उतरू लागली. आत्यानं आपलं पाऊल हळूच तिच्या पावलावर ठेवलं.

"शेवटची फिट कधी आली होती?"

बाबांनी हवेत हात उडवला. "असतं अधूनमधून किरकोळ काहीतरी. त्याचं एवढं काही नाही."

आई पुढे झाली. "मॅडम, तसं नाही हो..."

"अगं, चहा आण ना मॅडमना," बाबा म्हणाले.

मॅडम लिहायच्या थांबल्या. त्यांनी पेनचं टोक गालावर टेकवलं. "मला सांगा, जिना चढता, स्वयंपाक करता, तब्येत उत्तम आहे. मग आमच्या मदतीची गरज नक्की कशासाठी आहे?"

"तेच तर मी म्हणते!" आत्या कौतुकानं म्हणाली. भाऊ किती रुबाबात बोलतोय, याच आनंदात ती होती. मग तिच्याही डोक्यात प्रकाश पडला आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला.

गडबडीत बाबांनी आईनं आणून ठेवलेला चहाचा कप उचलला, आणि निम्मा चहा बाहीवर सांडला. "आलोच हं, धुऊन येतो," म्हणून ते बाथरूममध्ये गेले. आणि, मुलांनो, बाबा शिष्टाचाराचे पक्के. घरात परकी बाई बसलेली. त्यांनी दाराची ती परत बसवलेली कडी आतून लावून घेतली.

नळ सुरू झाला. आणि पाठोपाठ सवयीनं गाणंही सुरू झालं. मोठ्यानं. बेसूर.

मॅडम दचकल्या. आई, आत्या आणि भिंगरी मात्र मुळीच दचकल्या नाहीत. उलट तिघींचेही खांदे जरा सैल पडले. आईनं बिस्किटांची बशी पुढे केली.

"हे... गाताहेत?" मॅडमनी विचारलं.

"हौस आहे त्याला," आत्या म्हणाली. "लहानपणापासून."

"बिस्किट घ्या ना," आई म्हणाली.

मॅडमनी बिस्किट घेतलं. त्या काही बोलणार, एवढ्यात गाणं थांबलं.

आता मला सांगा, कुणाच्या घरात गाणं थांबलं तर काय होतं? काहीच नाही. पण या घरात काय झालं पाहा. आईच्या हातून बशी सुटली. भिंगरी एका उडीत स्टुलावरून उतरली. तिनं पलंगावरची उशी ओढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आणि सगळ्यांच्या आधी दारापाशी पोचली ती आत्या! तिनं दार ढकललं. दार हललं नाही. कडी!

"अरे, उघड! अरे, आकडी आली का रे तुला? मीच मेलीनं लावली ती कडी!" आत्यानं दारावर खांदा मारला. जो शब्द तिनं उभ्या जन्मात उच्चारला नव्हता, तो आता साऱ्या इमारतीला ऐकू गेला. "बाजूला व्हा, मी दार तोडते!"

"अहो! अहो, ऐकता का?" आई मुठींनी दार बडवत होती.

"बाबा! ला ला तरी म्हण!" भिंगरी ओरडली.

आतून खाकरल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक, लाजलेला आवाज: "अगं, मी ठीक आहे. पाहुण्यांसमोर गातोय हे एकदम लक्षात आलं. लाज वाटली, म्हणून थांबलो."

कडी सरकली. ओली बाही धरून बाबा दारात उभे. समोर खांदा चोळणारी आत्या, रडणारी आई, उशी छातीशी धरलेली भिंगरी, आणि त्यांच्या मागे, हातात अर्धं बिस्किट घेऊन, तपासनीस मॅडम.

आत्यानं भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या, जीव गेला असता ना माझा!" आणि ती आधी हसायला आणि मग रडायला लागली.

"बसा सगळे," मॅडम म्हणाल्या. "आता मला कुणीतरी सांगा, गाणं थांबल्यावर या घरात एवढी धावपळ का होते?"

भिंगरीनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं नाक पुसलं. "बोल बाई, बोल. तुझं कबूलबिबूल गेलं खड्ड्यात."

आणि भिंगरी सुटली! तिनं गाण्याचा नियम सांगितला. आत्यानं पलंगाखाली दडवलेले पुठ्ठ्याचे कोपरे ओढून काढले आणि मॅडमच्या मांडीवर ठेवले. चुलीपाशी दोरी धरून उभी राहिली. "बाबानं इथपर्यंतच यायचं. गादी खाली असते, आत्यानं आज वर घेतली. जिना चढताना मी पुढे असते आणि बाबा मागे. नाही, आधी मी मागे असायची, मग आई म्हणाली, तुला घेऊनच पडतील ते..." एका दमात, श्वास न घेता. मॅडमची मान नुसती इकडून तिकडे फिरत होती.

"अगं, पुरे! मॅडम कंटाळतील," बाबा ओशाळून म्हणाले. "लहान आहे हो ती. वाढवून सांगते. तसं काही नसतं. थोडा वेळ जातो आणि मी उठतो."

"त्या थोड्या वेळात काय होतं?" मॅडमनी विचारलं.

बाबा विचार करून म्हणाले, "ते मला कसं माहीत असणार? मी तिथे नसतोच."

खरंच होतं ते. इतक्या वर्षांत घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं, एक बाबा सोडून.

"मी दाखवते," भिंगरी म्हणाली. "मॅडम, तुम्ही खाली पडा."

"अगं भवाने! असं बोलतात का मोठ्यांशी?" आत्या किंचाळली.

मॅडमनी फरशीकडे पाहिलं. चष्मा काढला, टेबलावर ठेवला. "दोनदा पुसलेली दिसतेय," असं म्हणून त्या खरोखरच खाली आडव्या झाल्या!

भिंगरीनं झटकन खुर्ची लांब सरकवली. "आधी आजूबाजूचं सगळं लांब. मग घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर चाललं तर अँब्युलन्स बोलवायची. मग डोक्याखाली मऊ काहीतरी." तिनं टॉवेलची घडी मॅडमच्या डोक्याखाली सारली आणि स्कार्फ सैल केला. "हातपाय दाबून धरायचे नाहीत. झटके येतात तेवढे येऊ द्यायचे. तोंडात काही घालायचं नाही."

"चमचा?" मॅडमनी पडल्या पडल्या विचारलं.

"चमचा फक्त आत्या घालते. बाबाच्या दाताचा टवका त्यानंच उडाला."

"एकदाच घातला होता!" आत्या म्हणाली.

"झटके थांबले की कुशीवर वळवायचं, असं." भिंगरीनं मॅडमना खांद्याला आणि गुडघ्याला धरून हळूच वळवलं. मग ती त्यांच्या कानाशी वाकली. तिचा भिरभिरणारा आवाज एकदम इतका हळू झाला की सगळे पुढे झुकले. "बाबा, मी भिंगरी. तुझी मुलगी. तू घरीच आहेस. घाबरू नको. कुणी रागावलेलं नाही. काही आठवलं नाही तरी चालेल. हळूहळू ये."

आणि ती मॅडमच्या केसांवरून हात फिरवत तशीच बसून राहिली. रोज करावं तितक्या सहज.

बाबा भिंतीला टेकले. मग भिंतीवरूनच घसरत खाली बसले.

"हे तू दर वेळी म्हणतेस?"

"हो."

"नाव सांगतेस? दर वेळी?"

"तुला तेव्हा माझं नाव आठवत नाही ना, बाबा. तू मला 'बाई, तुम्ही कोण?' असं विचारतोस. मग मी आधीच सांगून टाकते."

बाबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या कोरड्या बाहीनं डोळे पुसले. "मॅडम," ते म्हणाले, "मगाशी मी जे जे सांगितलं ते खोडा. मी ठणठणीत नाही. मला जिन्याची भीती वाटते. रस्ता ओलांडताना पाय लटपटतात. फिट आली की पुढचा सगळा दिवस अंग ठेचल्यासारखं दुखतं. छापखान्याचं काम सुटलं म्हणून मी चिडायचो, पण मालक चुकीचं बोलले नव्हते. आणि मला काम हवंय हो. मदत हवीच, पण कामही हवंय."

मॅडमनी कुशीवर पडल्या पडल्याच हात लांब केला. "फाइल द्या जरा इकडे."

त्या फरशीवर मांडी घालून बसल्या आणि भराभर लिहू लागल्या. बाबा बोलत होते, त्या लिहीत होत्या. बाबा विसरले तिथे आई सांगत होती, आणि आई अडखळली तिथे आत्या. दर वेळी शब्दही सरळ येत होता: आकडी, आकडी, आकडी.

"मंजुरी वरून येते," शेवटी मॅडम म्हणाल्या, "पण माझा अहवाल वाचूनच येते, आणि आता माझ्याकडे लिहायला काही आहे. महिन्याच्या मदतीसाठी लिहितेय, कामाच्या शिक्षणासाठीही. तुम्ही छापखान्यातले. पात्याशिवाय काय येतं?"

"पुस्तकांची शिवण!" बाबा एकदम उठून उभे राहिले. "सुई-दोऱ्यानं पानं शिवतात ना, ती! शिकत होतो आणि मशीनवर गेलो. बसून करायचं काम असतं, मॅडम! कापायचं काही नाही!"

"आमच्या केंद्रात शिकवतात. त्यासाठीच लिहिते."

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आत्या तर मॅडमना मिठीच मारायला निघाली होती, मग आधी चहाच टाकते म्हणून चुलीकडे पळाली. बाबा हवेत सुई धरून शिवण कशी घालतात ते दाखवू लागले. घरात एकच कल्ला झाला.

आणि भिंगरी? आजवर घरात ती सावरत आली होती आणि बाबा फक्त पडत आले होते. तिनं कल्ल्यातच बाबांचा हात धरून त्यांना जमिनीवर बसवलं, टॉवेल त्यांच्या हातात कोंबला आणि स्वतः फरशीवर सपशेल आडवी झाली.

"बाबा, आता तू कर. मी पडलेय."

बाबा गोंधळले. टॉवेल कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. त्यांनी आधी तिच्या पायांशी नेला, मग डोक्याशी आणला आणि घाबरत घाबरत तिच्या कानाशी वाकले.

"बाबा, आधी खुर्ची लांब कर ना!" भिंगरी ओरडली, आणि लगेच डोळे घट्ट मिटून पुन्हा बेशुद्ध पडली.